मूळ प्रत इंग्रजीत

सौमित्र खांबेटे यांना ज्या नोकरीचा पगार मिळत होता, तिच्या आधीचं काम त्यांनी धड केलं असतं तर ही नोकरी निर्माणच झाली नसती. हे त्यांना पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. पण कळलेली गोष्ट प्रत्येक वेळी बोलून दाखवलीच पाहिजे असं काही नसतं, विशेषतः साठी उलटल्यावर.

कल्याणच्या एका कॉलेजात सत्तावीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले आणि तिसऱ्याच महिन्यात माजिवड्याच्या पुलाजवळच्या एका मोठ्या पॅथॉलॉजी लॅबनं त्यांना बोलावून घेतलं. लॅबला आपले अहवाल मराठीतून द्यायचे होते. का द्यायचे होते, हे कोणी सांगितलं नाही आणि खांबेट्यांनी विचारलं नाही. एक समिती नेमली गेली. तीत खांबेटे, एक निवृत्त भाषा अधिकारी आणि एक वैद्य. पहिल्या तीन बैठका ‘पेशी’ म्हणावं की ‘कोशिका’ यात गेल्या. पेशी म्हटलं की लोकांना दंडाचे स्नायू आठवतात, असं भाषा अधिकाऱ्यांचं म्हणणं. कोशिका म्हटलं की हिंदी बातम्या ऐकल्यासारखं वाटतं, असं वैद्यांचं. चौथ्या बैठकीत पेशी जिंकली, कारण त्या दिवशी भाषा अधिकाऱ्यांच्या नातवाची मुंज होती.

त्यानंतर गाडी सुसाट सुटली. केंद्रक, पेशीद्रव्य, पेशीपटल, तंतुकणिका हे सगळं शाळेच्या पुस्तकात तयारच होतं. अडचण अशी होती की, शाळेच्या पुस्तकातल्या पेशीला कधी काही होत नाही. ती आपली पानभर पाय पसरून, गोल, गुलाबी, नावांचे बाण अंगाला टोचून घेत मजेत बसलेली असते. लॅबमध्ये येणाऱ्या पेशींना काहीतरी झालेलं असतं किंवा झालंय की काय अशी शंका तरी असते, आणि शंकेसाठी पुस्तकात शब्द नव्हते. ते खांबेट्यांनी घडवले. गळ्याच्या गाठीतून सुईनं पेशी काढण्याला त्यांनी ‘सूक्ष्मसूची आचूषण’ म्हटलं. त्या पेशी धड चांगल्याही नाहीत आणि धड वाईटही नाहीत अशा वेळी डॉक्टर इंग्रजीत जे लिहितात, त्याचं त्यांनी ‘अनिर्धारित महत्त्वाची अप्रारूपता’ केलं. त्या संध्याकाळी त्यांनी घरी येताना अर्धा किलो श्रीखंड आणलं होतं. ही गोष्ट ते आता कोणाला सांगत नाहीत.

योजना सुरू झाली आणि लॅबचे फोन खणखणायला लागले. लोक विचारत होते, साहेब, हे मराठीत काय लिहिलंय ते मराठीत सांगा ना.

लॅबचा कारभार बघणारा ट्रेव्हर हा चौतिशीतला, नेहमी पाण्याची बाटली हातात घेऊन फिरणारा मुलगा. तो म्हणाला, “सर, लँग्वेज तुमची ना? मग हे कस्टमर पण तुमचेच.” आणि वॉटर कूलरच्या शेजारी एक टेबल लागलं. वर पाटी लागली, ‘मराठी अहवाल साहाय्य कक्ष’. कक्ष म्हणजे टेबलच. एक खुर्ची खांबेट्यांना, दोन समोर.

“फक्त एक लक्षात ठेवा सर,” ट्रेव्हर म्हणाला. “तुम्ही वर्ड्स एक्सप्लेन करायचे. मीनिंग नाही. मीनिंग सांगितलं की लीगल इश्यू होतो.”

“शब्द सांगायचे, अर्थ सांगायचा नाही?”

“एक्झॅक्टली.”

खांबेट्यांना ही व्यवस्था अगदीच अनोळखी नव्हती. सत्तावीस वर्षं परीक्षा अशाच घेतल्या होत्या.

रोज सकाळी कल्याणहून बस पकडायची. दुर्गाडीचा पूल, कोन, रांजणोली करत दीड तासानं माजिवड्याला उतरायचं. टेबलाशी बसायचं. समोर कोणीतरी पिवळ्या कडेचा मराठी अहवाल ठेवायचं. खांबेटे सांगायचे, केंद्रक म्हणजे पेशीच्या मधला गोळा, पेशीद्रव्य म्हणजे त्याच्या भोवतीचा ऐवज. समोरचा म्हणायचा, मग माझा गोळा मोठा झालाय का? खांबेटे म्हणायचे, तसं इथे लिहिलंय. मग? मग ते डॉक्टर सांगतील. डॉक्टर कधी सांगतील? ते डॉक्टर सांगतील. संध्याकाळपर्यंत हे चाळीसेक वेळा होई. घरी गेल्यावर बायको काही विचारी तेव्हा त्यांच्या तोंडून निघून जाई, “ते डॉक्टर सांगतील.” बायकोनं पहिल्या महिन्यात भांडून बघितलं आणि दुसऱ्या महिन्यात विचारणंच सोडून दिलं.

नवरात्राच्या आधीच्या आठवड्यात मनुबाई आली.

मनुबाई गोमाजी कोळी, वय अठ्ठावन्न, राहणार खाडीकाठचा कोळीवाडा, मासळी बाजारातली जुनी जागा. बरोबर मुलगा यज्ञेश, पंचविशीचा, मॉलमध्ये मोबाइलच्या दुकानात कामाला. मनुबाईच्या गळ्यात सोन्याची सर होती आणि सरीच्या जरा वर, उजव्या अंगाला, लिंबाएवढी गाठ होती. तिनं खुर्ची मागे ओढली, बसली, आणि कागद टेबलावर असा ठेवला की जणू गिऱ्हाइकानं परत आणलेला खराब बोंबील.

“मास्तर तूच ना?”

“मी खांबेटे. बोला, मावशी.”

मावशी त्यांच्याहून तीन वर्षांनी लहान होती. पण टेबलाच्या या बाजूला बसलं की समोरचे सगळे आपोआप मावशी आणि काका होतात.

खांबेट्यांनी कागद पाहिला. जुलैमधला होता. अवटू ग्रंथी, उजवा खंड, सूक्ष्मसूची आचूषण. पुटकपेशींचे काही समूह, मोजक्या पेशींत केंद्रक-पेशीद्रव्य गुणोत्तर वाढलेले. निष्कर्ष, अनिर्धारित महत्त्वाची अप्रारूपता. तीन महिन्यांच्या आत पुनश्च आचूषण करून घेणे उचित.

हा अकरावा आठवडा होता.

“दुसऱ्यांदा सुई केली का?”

“नाय केली. आनि करनार पन नाय,” मनुबाई म्हणाली. “सुई टोचली का गाठ पिसालते. आमचे वाड्यात दोघींचा तसाच झाला. मी त्यासाठी नाय आलू. ह्याला इचारायचा हाय.” तिनं मुलाकडे बोट केलं.

यज्ञेश पुढे वाकला. “काका, हे ठीक आहे. पण ओरिजिनल कुठेय?”

“कसलं ओरिजिनल?”

“रिपोर्टचं. इंग्लिशवालं.”

“तुम्ही फॉर्मवर मराठीला खूण केलीत. म्हणून हाच तुमचा अहवाल. यात तेच आहे.”

यज्ञेश हसला. पण ते हसणं खांबेट्यांसाठी नव्हतं, स्वतःसाठी होतं. “काका, एक सांगू? मागच्या वर्षी आमच्या वाड्याचा सर्व्हे झाला. देवळावर नोटीस लागली, मराठीत. काही होणार नाही, सगळं जिथल्या तिथे राहणार. आम्ही पेढे वाटले. नंतर कोणाकडून तरी नकाशा मिळाला. तो इंग्लिशमध्ये होता. त्यात आमच्या पाच घरांवरून रस्ता होता.” त्यानं पिवळ्या कडेवर टिचकी मारली. “जे आपल्याला सांगायचं असतं ते मराठीत लिहितात. जे असतं ते इंग्लिशमध्ये. तेव्हा तुम्ही ओरिजिनल दाखवा ना. आईला कॅन्सर आहे तर आहे. लपवताय कशाला?”

खांबेट्यांच्या समितीनं पेशी आणि कोशिकेवर तीन बैठका घातल्या होत्या. या मुद्द्यावर एकही मिनिट गेलं नव्हतं.

“कोणी काही लपवत नाहीये,” ते म्हणाले. “मी तुम्हाला एकेक शब्द सांगतो. पेशी म्हणजे…”

“पेशी मना ठाव हाय,” मनुबाई म्हणाली. “शालेत नवीला होतू मी. पुढं बोल.”

“त्या पेशीत मध्ये केंद्रक असतं. ते काही पेशींत जरा मोठं दिसतंय. अप्रारूपता म्हणजे जसं दिसायला हवं तसं न दिसणं. आणि अनिर्धारित महत्त्वाची म्हणजे तिचं महत्त्व निर्धारित केलेलं नाही.”

“म्हंजे माझा काय?”

“ते डॉक्टर सांगतील.”

“आमचा डॉक्टर बोलतो, लॅबवाल्यांना इचार. तू बोलतोस डॉक्टरला इचार. मधी मी लटकलू.” मनुबाईच्या आवाजात राग नव्हता, हेच खांबेट्यांना जड गेलं. ती हिशेब मिटवून बसलेल्या माणसासारखी बोलत होती. “नणंदेला बाजारातली जागा दिली मी. निशाचा लगीन मे महिन्यात होता, तो कार्तिकात धरलाय. पोरीचा लगीन बगून मरतू. माझ्या मरनाचा नीट नाव तरी मना सांगा. हा असला कागद घेऊन कशी मरू मी?”

खांबेटे कागदावरच्या त्या तीन शब्दांकडे पाहत राहिले. तिन्ही शब्द शुद्ध होते. व्याकरणात कुठे बोट ठेवायला जागा नव्हती.

“इंग्रजी प्रत मिळते का बघतो,” ते म्हणाले. “मिळाली तर फोन करतो. येशील?”

आपण अहो-जाहोवरून खाली आलो हे त्यांच्या नंतर लक्षात आलं.

“त्याला बगायला येन,” मनुबाई म्हणाली. “सुईला नाय.”

दुपारी खांबेटे डबा घेऊन मागच्या खोलीत गेले. तिथे नॉर्मन बसायचा. काचपट्ट्या रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पहिली नजर टाकायचं काम तो तीस वर्षं करत होता. ट्रेव्हर त्याच्या बहिणीचा मुलगा. रविवारी चर्चमधून परतताना तो ट्रेव्हरला बाबू म्हणे आणि सोमवारी लॅबमध्ये सर. यात दोघांनाही काही वावगं वाटत नसे.

“जुलैमधली एक थायरॉइड,” खांबेटे म्हणाले. “मनुबाई कोळी. बघू शकतो?”

नॉर्मननं खालचा कप्पा उघडला, बोटानं काचपट्ट्या चाळल्या, एक उचलली आणि भिंगाखाली सरकवली. “बघा. तुम्ही पण बघायला पाहिजेच कधीतरी. नुसते शब्द लिहिता.”

खांबेट्यांनी डोळा लावला. फिकट पार्श्वभूमीवर जांभळे ठिपके, झुंडीनं बसलेले. आयुष्यभर कांद्याची साल आणि बेडकाचं रक्त बघितलेल्या माणसाला ते सगळे सारखेच दिसले.

“त्या कोपऱ्यात. सात-आठ आहेत बघा. केंद्रकं जरा फुगलीत. बाकीच्या एकदम शहाण्या.”

“मग काय म्हणायचं?”

“काय म्हणायचं म्हणजे? म्हणता येत नाही. तेच मॅडमनी म्हटलंय.” नॉर्मननं डब्यातली भेंडी चिवडली. “कधी नुसती ग्रंथी सुजली तरी असं दिसतं. कधी दुसरं निघतं. परत काढली की बहुतेक वेळा उलगडा होतो. पण काढली पाहिजे. आणि सर, तीन महिन्यांत जे येत नाहीत ते परत येतच नाहीत. मी तीस वर्षं बघतोय. मग एकदम तीन वर्षांनी येतात, तेव्हा मला भिंगसुद्धा लागत नाही.”

खांबेट्यांनी डबा न उघडताच उचलला आणि ते उठले.

तिसऱ्या मजल्यावर नॉर्मनच्या मॅडम, डॉक्टर संचिता वैशंपायन, एका फोनवर बोलत होत्या आणि दुसऱ्या फोनवर अहवालांवर सही करत होत्या. खांबेट्यांनी दारातूनच विचारलं, अहवालात सरळ असं लिहिलं तर? की आम्हाला अजून सांगता येत नाही, पुन्हा तपासू?

“सर, असं लिहिलं तर लोक दुसऱ्या लॅबला जातील,” डॉक्टर म्हणाल्या. त्याही दमलेल्या होत्या आणि वाईट नव्हत्या. “तिथे कोणीतरी काहीतरी सांगेलच. तुमचा शब्द चांगला आहे की. भारदस्त आहे. पेशंटला आणा फक्त, सुई मी स्वतः करते.”

राहिली इंग्रजी प्रत. मराठी अहवाल निवडलेल्याला इंग्रजी प्रत हवी असेल तर संगणकात अर्ज भरावा लागे आणि कारण यादीतून निवडावं लागे. यादीत तीन कारणं होती. विमा, परदेशगमन, इतर. ‘इतर’ निवडलं की किमान पन्नास अक्षरांत इंग्रजीतून खुलासा करावा लागे. खांबेट्यांनी खुलासा केला, की रुग्णाचा मराठीवर विश्वास नाही. दहा मिनिटांत ट्रेव्हर बाटली घेऊन हजर झाला.

“सर, हे नका लिहू. ऑडिटला जातं.”

“पण खरं आहे.”

“म्हणून तर बोलतोय.”

शेवटी ते काम नॉर्मननं केलं. त्यानं चष्मा कपाळावर चढवला, एका बोटानं कळ दाबली आणि प्रिंट काढून दिली. मनुबाई गोमाजी कोळी, कारण परदेशगमन.

“कुठे पाठवलंस तिला?” खांबेट्यांनी विचारलं.

“देश विचारत नाहीत,” नॉर्मन म्हणाला.

मायलेक दोन दिवसांनी आले. टेंभी नाक्याकडे देवीच्या आगमनाची गर्दी असल्यानं त्यांची रिक्षा तासभर अडकली होती आणि दोघांच्याही तोंडाला फेस आला होता. खांबेट्यांनी कूलरमधून दोन ग्लास पाणी भरून ठेवलं आणि इंग्रजी कागद समोर सरकवला. याला पिवळी कड नव्हती. साधा पांढरा कागद होता.

यज्ञेशनं तो दोन्ही हातांनी उचलला आणि हळूहळू, वर्गात उभं राहून वाचावं तसा वाचला. “अ‍ॅटिपिया ऑफ… अनडिटर… अनडिटरमाइन्ड सिग्निफिकन्स. सजेस्ट रिपीट एफएनए विदिन थ्री मंथ्स.” वाचून झाल्यावर त्याचे खांदे खाली आले. दोन महिने ताणलेला चेहरा सैलावला. “हां,” तो म्हणाला. “हे बरोबर आहे.”

“काय बरोबर आहे?” खांबेट्यांना राहवलं नाही.

“म्हणजे… प्रॉपर आहे. रिपीट करायचं लिहिलंय. कॅन्सर वगैरे लिहिलेलं नाही. असतं तर लिहिलंच असतं ना इंग्लिशमध्ये.”

“रिपीट मराठीतपन होता,” मनुबाई म्हणाली.

“हो गं आई, पण हे खरं आहे.”

“मना वाटला, मराठीत सुईचा उगाच लिवलाय, भीती घालायला. आता तू बोलतोस ह्यो खरा कागद.” मनुबाईनं हाताची घडी घातली. “खऱ्या कागदात पन सुई हाय. म्हंजे सुई खरी हाय. म्हंजे रोगपन खरा हाय.”

“असं कुठे असतं, आई!”

“असाच असतं. चल.” ती उठली. खुर्ची पुन्हा जागेवर लावायला ती विसरली नाही. “मास्तर, तू चांगला मानूस हाय. पानी पाजलास. पन आता नको बोलवू.”

दोन दिवस खटपट करून खांबेट्यांनी जो कागद मिळवला होता, त्यानं मुलाचं भागलं होतं आणि आईचं दार कायमचं लागत होतं. कूलरपाशी ट्रेव्हर बाटली भरत उभा होता. बाटली कधीच भरली होती, पाणी वरून सांडत होतं, पण तो हलत नव्हता. खांबेट्यांना तो दिसत होता. त्यांनी शब्द शोधायला सुरुवात केली, प्रमाणित, समितीनं मान्य केलेला, आणि मध्येच त्यांना त्याचा इतका कंटाळा आला की शोधायचं राहूनच गेलं.

“मनुबाई, त्यांना कळलेलं नाही.”

ती थांबली. “कोनाला?”

“डॉक्टरांना. भिंगाखाली बघणाऱ्याला. कोणालाच. तुझ्या गाठीतल्या थोड्या पेशी त्यांना जरा वेगळ्या वाटल्या. त्या वाईट आहेत की नुसत्या सुजल्यात, ते एका वेळच्या पेशींवरून सांगता येईना. म्हणून परत बघायचंय. त्या कागदात एवढंच आहे. इंग्रजीतही एवढंच आहे. दोन्हीकडे त्यांना कळलेलं नाही, असंच लिहिलंय.”

“सर,” कूलरकडून आवाज आला.

“एक मिनिट, ट्रेव्हर.”

मनुबाई परत खुर्चीत बसली. तिनं आधी पांढरा कागद पाहिला, मग पिवळ्या कडेचा, मग खांबेट्यांकडे पाहिलं. “कललेला नाय?”

“नाही.”

“मंग कललेला नाय असा लिवायचा ना! एवढा मोठा लिवलाय. मना वाटला एवढा मोठा नाव हाय तर रोग केवढा आसंल.” तिचा आवाज चढत गेला. रक्त द्यायला बसलेले चार लोक वळून बघायला लागले. “जागा गेली माझी. ती नणंद आता देनार हाय व्हय परत? पोरीच्या सासरच्यांना काय काय सांगून बसलू मी! कोनी लिवला ह्यो?”

“मी.”

“तू?”

“मीच.”

मनुबाईनं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “शालेत शिकवायचास ना तू?”

“कॉलेजात. सत्तावीस वर्षं.”

“त्या पोरांचा काय झाला मंग?”

हा प्रश्न खांबेट्यांनी स्वतःला कधी विचारलाच नव्हता. यज्ञेश खाली बघून हसू दाबत होता. दोन महिन्यांत तो पहिल्यांदाच हसत असावा, कारण हसताना त्याला ठसका लागला.

मनुबाईनं ग्लासातलं उरलेलं पाणी प्यायलं. गाठ वर गेली आणि खाली आली. मग ती पुढे वाकली आणि आवाज उतरवून म्हणाली, “आनि सुईचा? सुईनं पसरतं का नाय?”

“नाही पसरत.”

“हे कललेला हाय, का हे पन कललेला नाय?”

“हे कळलेलं आहे.”

“नक्की?”

“नक्की.”

ती त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिली. बाजारात चाळीस वर्षं गिऱ्हाइकांची तोंडं वाचलेली बाई होती. खांबेट्यांना वाटलं आपण घामेजलोय, पण त्यांनी रुमाल काढला नाही.

“आज होईल सुई?” तिनं विचारलं.

“डॉक्टर वर आहेत.”

“मंग तू चल आत माझ्यासंगती. ती बाई काय बोलंल ते मना समजनार नाय.”

ट्रेव्हर पुढे आला. बाटलीचं झाकण लावत, खाली पडलेल्या पाण्याकडे बघत तो म्हणाला, “सर, हे आपण नंतर डिस्कस करू.” खांबेटे म्हणाले, करू. त्या ‘नंतर’मध्ये काय असेल हे त्यांना साधारण ठाऊक होतं. एक पत्र येईल, इंग्रजीत.

लिफ्ट बंद होती. तीन मजले मनुबाई पुढे आणि खांबेटे मागे. दर जिन्याला ती थांबून त्यांची वाट बघत होती. यज्ञेश खालीच थांबला. त्याला सुईकडे बघवत नाही, असं त्यानं प्रामाणिकपणे सांगून टाकलं.

सुईच्या खोलीत गारठा होता. मनुबाईनं सर काढून खांबेट्यांच्या हातात दिली, त्यांना विचारलंही नाही. ती जड होती आणि अजून कोमट होती. मनुबाई पलंगावर आडवी झाली तशी डॉक्टर वैशंपायननी तिच्या खांद्यांखाली उशी सरकवली, मान मागे गेली आणि गाठ स्पष्ट वर आली. नॉर्मन कोपऱ्यात काचपट्ट्या मांडून उभा होता. त्यानं खांबेट्यांकडे बघून भुवया उंचावल्या आणि लगेच खाली आणल्या.

“अजिबात हालचाल नको,” डॉक्टर म्हणाल्या. “आणि सुई आत असताना, सर, यांना सांगा, गिळण्याची क्रिया…” त्यांनाही ते वाक्य समितीच्या पत्रकातूनच पाठ झालं होतं.

खांबेटे पलंगाच्या डोक्याशी वाकले. “मनुबाई, सुई टोचेल तेव्हा थुंकी गिळू नकोस. बोलू पण नकोस. मी दहा मोजतो.”

“हलू मोजू नको,” मनुबाई छताकडे बघत म्हणाली.

गार कापूस फिरला. सुई आत गेली. मनुबाईच्या एका हाताची मूठ वळली आणि दुसऱ्या हातानं तिनं खांबेट्यांचं मनगट धरलं, घड्याळासकट. मासळीच्या टोपल्या उचललेला हात होता. मनगटात कळ आली. त्यांनी मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. सुई गाठीत मागेपुढे होत होती. चारला मनुबाईच्या डोळ्यांच्या कडांना पाणी आलं, ते कानांकडे ओघळलं. पाच, सहा. तिचा गळा थरथरला. गिळायची उबळ येत होती, ती रोखून धरत होती, आणि सगळी खोली त्या गळ्याकडे बघत होती. सात. आठला त्यांनी जरा घाई केली. नऊ.

“झालं,” डॉक्टर म्हणाल्या. सुई बाहेर आली, कापूस दाबला गेला, नॉर्मननं सिरिंज हातातून घेतली आणि पाठ वळवली.

“गिळू आता?” मनुबाईनं विचारलं.

“गिळ,” खांबेटे म्हणाले.

तिनं आवंढा गिळला.